काम्पारी पहिल्यांदा पिणाऱ्यांसाठी: पहिल्या कडू घोटापासून नेग्रोनीपर्यंत

मिलानला नोकरीसाठी गेले, त्या पहिल्याच आठवड्यात ऑफिसातले सहकारी संध्याकाळी साडेसहाला मला जवळच्या बारमध्ये घेऊन गेले. समोर लालभडक पेयाचा ग्लास आला. तो रंग पाहून जिभेने कोकम सरबताची तयारी करून ठेवली होती. पहिल्या घोटात आधी संत्र्याचा गोडवा आला, आणि लगेच मागून असा कडूपणा चढला की खाली ठेवलेला ग्लास मी पुन्हा उचललाच नाही.

आज हेच पेय, म्हणजे काम्पारी हे इटालियन कडू मद्य, मला सगळ्यात प्रिय आहे. पण तिथवर पोचायला मला तीन-चार महिने लागले, कारण योग्य क्रम कुणी सांगितला नव्हता. पुण्यात परतल्यावर मित्रमैत्रिणींना काम्पारी दिली, तेव्हा त्यांचेही चेहरे तसेच झाले. त्यांना ज्या क्रमाने मी ती चव दाखवली, तो क्रम इथे लिहून ठेवते आहे. काम्पारीतला कडूपणा सोसायचा नसतो. तो तिचा गाभा आहे, आणि जीभ तिथपर्यंत पायरीपायरीने नेता येते.

(महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ आहे, इतर मद्यासाठी २५. पुढचं सगळं त्या वयाच्या वाचकांसाठी. जे पीत नाहीत त्यांनी मुद्दाम सुरू करावं असं माझं अजिबात म्हणणं नाही.)

१. ही बाटली आहे तरी कशाची?

आपल्याकडे बारमध्ये ‘कॅम्पारी’ म्हणतात, इटलीत ‘काम्पारी’. कडू वनस्पती, सुगंधी पानं-मुळं आणि फळांच्या साली मद्यार्क आणि पाण्यात मुरवून तो अर्क काढतात, त्यात साखर आणि रंग घालतात. नेमकी पाककृती कंपनीने आजवर सांगितलेली नाही. घटक साठ आहेत की ऐंशी, अशा आकड्यांच्या गोष्टी खूप फिरतात. त्यांच्या मागे लागू नका, जिभेला जे कळतं तेवढं पुरेसं आहे. मद्यार्काचं प्रमाण देशानुसार बदलतं. इटलीत विकली जाणारी बाटली २५ टक्क्यांची असते, म्हणजे व्हिस्कीपेक्षा सौम्य पण वाइनपेक्षा बरीच तीव्र.

नवख्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. इटलीत कडू मद्यांची दोन घराणी आहेत. जेवणाआधी घ्यायचं ते ‘आपेरितिव्हो’. हा शब्द ‘उघडणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे, आणि इथे उघडायची असते ती भूक. जेवणानंतर घ्यायचं ते ‘आमारो’, म्हणजे सरळ ‘कडू’. आमारो बहुतेकदा गडद तपकिरी, दाट, काढ्यासारखे असतात आणि अनेक जण ते नुसतेच पितात. काम्पारी आणि तिची नारिंगी बहीण आपेरोल पहिल्या घराण्यातल्या. त्यांना सोडा, बर्फ, फळ यांची सोबत लागते. काम्पारी आमारोसारखी जेवणानंतर नुसती प्यायलात तर ती जड आणि चिकट लागेल, आणि दोष तुम्ही तिलाच द्याल.

२. थोडा इतिहास, कारण तो चवीत उतरला आहे

गास्पारे काम्पारी १८२८ साली लोम्बार्दीतल्या एका गावात जन्मला. तरुणपणी तो तोरिनोत (आपण तुरिन म्हणतो ते शहर) मद्य बनवण्याचं काम शिकला आणि पुढे नोव्हारामध्ये स्वतःचा धंदा थाटून वेगवेगळे अर्क करून पाहू लागला. १८६० हे काम्पारीचं जन्मवर्ष मानतात. त्या वेळी हॉलंडच्या धर्तीवरचे कडू अर्क मानाचे समजले जात, म्हणून त्याने आपल्या पेयाला ‘हॉलंडच्या पद्धतीचं बिटर’ असंच नाव दिलं होतं. ते नाव मागे पडलं आणि माणसाचं आडनाव उरलं.

मग गास्पारे मिलानला आला. १८६७ मध्ये कॅथेड्रलच्या चौकाशेजारी गॅलेरिया व्हित्तोरिओ एमान्युएले हा काचेच्या छताचा भव्य बाजारमार्ग उघडला आणि त्यात त्याने कॅफे काढला. त्याच साली मुलगा दाविदे झाला. गॅलेरियात जन्मलेलं ते पहिलं बाळ, असं मिलानमध्ये सांगतात. कॅफेतल्या पेयाचा उद्योग केला तो या दाविदेने. १९०४ मध्ये शहराबाहेर सेस्तो सान जोव्हान्नीला कारखाना उभा राहिला. १९१५ मध्ये गॅलेरियाच्या तोंडाशी ‘काम्पारिनो’ हा बार उघडला. तिथे तळघरातून थेट काउंटरच्या नळापर्यंत थंड सोडा आणायची सोय केली होती, आणि त्या काळात ती फार नवलाची गोष्ट होती. काम्पारी आणि सोडा यांची जोडी अशी सुरुवातीपासूनची आहे, म्हणून पुढच्या पायऱ्यांत सोडा इतका येतो.

जाहिरातीतही दाविदेची नजर पक्की होती. १९२१ मध्ये लिओनेत्तो काप्पिएल्लो या चित्रकाराने संत्र्याच्या सालीत गुंडाळलेल्या विदूषकाचं पोस्टर केलं. १९३२ मध्ये काम्पारी आणि सोडा आधीच मिसळलेली छोटी बाटली बाजारात आली. तिचा उलट्या पेल्यासारखा आकार फोर्तुनातो देपेरो या चित्रकाराचा, आणि तो आजही तसाच आहे. इटलीतल्या कुठल्याही वाणसामानाच्या दुकानात या चिमुकल्या लाल बाटल्या जुडग्यात मिळतात.

आपेरोल दुसऱ्या गावची. पादोवातल्या बार्बिएरी भावांनी १९१९ मध्ये ती आणली. मद्यार्क फक्त ११ टक्के, कडूपणा सौम्य, संत्रं जास्त. २००३ पासून ती काम्पारीच्याच मालकीची आहे.

३. चव ओळखायची कशी

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढची सगळी गडबड त्यातूनच होते.

एका छोट्या पेल्यात दोन चमचे काम्पारी घ्या. बर्फ नको, सोडा नको. आधी वास घ्या. संत्र्याची साल नखाने सोलताना हाताला जो तेलकट वास लागतो तो येईल, त्यामागे वाळलेल्या औषधी काड्यांचा. मग अगदी थोडं जिभेवर घ्या, गिळायची घाई करू नका. पहिला क्षण गोड असतो, जवळजवळ पाकासारखा. मग मोसंबीच्या सालीच्या पांढऱ्या भागासारखा कडसरपणा येतो. गिळल्यावर घशाच्या जरा वर, जिभेच्या मागच्या भागात खरा कडूपणा उभा राहतो आणि अर्धा-एक मिनिट हलत नाही. शेवटी थोडा तुरटपणा, आणि तोंडाला पाणी सुटतं. त्या सुटलेल्या पाण्यासाठीच हे पेय जेवणाआधी घेतात.

जीभ कडूला घाबरते, यात तिची चूक नाही. वनस्पतींमधली अनेक विषं कडू असतात. गोड ओळखायला आपल्याकडे एकाच प्रकारचा ग्राही (रिसेप्टर) आहे, कडू ओळखायला मात्र सुमारे २५. म्हणून पहिल्या घोटाला शरीर ‘थुंकून टाक’ म्हणतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही बिघडलं नाही हे कळलं की तीच जीभ त्यामागचे बारकावे शोधू लागते. चहा-कॉफीच्या बाबतीत आपण सगळे या वाटेने गेलो आहोत.

शिवाय मराठी घरात वाढलेल्यांना ही वाट अगदीच अनोळखी नाही. पाडव्याला सकाळी कडुनिंबाची कोवळी पानं, गूळ, चिंच, ओवा, हिंग एकत्र वाटून खातो, त्यातही कडू आणि गोड एकमेकांना धरूनच येतात. लहानपणी तापात आजीने काडेचिराईताचा काढा पाजला असेल, तर तुमचा या कुळाशी आणखी जवळचा परिचय आहे. आपेरोलमध्ये आणि युरोपातल्या कितीतरी कडू मद्यांत जे जेन्शियनचं मूळ वापरतात, ते आणि आपलं चिराईत वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच कुळातले. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. मिलानच्या बारमध्ये परका वाटलेला तो कडूपणा मी रत्नागिरीच्या स्वयंपाकघरात आधीच चाखलेला होता.

४. काय काय लागेल

सामान:
- काम्पारी (आणि जमल्यास आपेरोल)
- थंड सोडा, दरवेळी नवी बाटली किंवा कॅन
- गोड लाल व्हर्मुथ (वनस्पती आणि मसाले घातलेली वाइन), साधी ड्राय जिन (शेवटच्या दोन पायऱ्यांसाठी)
- प्रोसेको किंवा कुठलीही कोरडी फसफसती वाइन. नाशिकच्या वाइनरींची स्पार्कलिंगही उत्तम चालते
- संत्री, रंगासाठी नाही तर सालीतल्या तेलासाठी
- बर्फाचे मोठे खडे, ३० आणि ६० मिलीचं माप, जाड बुडाचा रुंद ग्लास, लांब चमचा

कागदपत्रं आणि नियम:
- महाराष्ट्रात मद्य विकत घ्यायला आणि प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा आणि फोटो देऊन तो एक वर्षासाठी किंवा आजीवन काढता येतो. ‘कुणी विचारत नाही’ म्हणून तो न काढणारे खूप आहेत. तुम्ही काढा.
- परदेशाहून येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. मधल्या विमानतळावर विमान बदलणार असाल तर ड्यूटी फ्रीची सीलबंद पिशवी घरी पोचेपर्यंत उघडू नका. सील तुटलं की पुढच्या तपासणीत बाटली काढून घेतात.
- गोव्यात किंमत कमी दिसते म्हणून बाटली गाडीत टाकून महाराष्ट्रात आणू नका. परवानगीशिवाय तो गुन्हा आहे आणि सीमेवर गाड्या तपासतात.

शाकाहारी वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. काम्पारीचा तो प्रसिद्ध लाल रंग मुळात कोचिनियल नावाच्या किड्यांपासून काढलेला असे. २००६ च्या सुमारास कंपनीने बहुतेक बाजारांत तो बंद करून कृत्रिम रंग आणले. तरी जुनी किंवा कुठून तरी भेट आलेली बाटली असेल तर लेबल वाचा. ‘ई १२०’ किंवा ‘कार्माइन’ लिहिलेलं असेल तर तो किड्यांचा रंग.

५. पहिली पायरी: आपेरोल स्प्रिट्झ

सुरुवात काम्पारीने करू नका. आपेरोलने करा.

मोठ्या वाइन ग्लासात बर्फ काठोकाठ भरा. ९० मिली प्रोसेको, ६० मिली आपेरोल, वरून थोडा सोडा. एकदाच हलकेच ढवळा, संत्र्याची चकती टाका. तीन-दोन-एक असं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं. व्हेनेतो प्रांत ऑस्ट्रियाच्या ताब्यात असताना तिथल्या सैनिकांना स्थानिक वाइन कडक वाटे, म्हणून ते तीत पाण्याची धार सोडत. त्या धारेसाठीचा जर्मन शब्द म्हणजे हा ‘स्प्रिट्झ’, असं सांगतात.

आठवड्यातून एकदा, असं तीन-चार वेळा प्या. आपेरोल गोडच लागू लागली की पुढे जायचं.

६. दुसरी पायरी: काम्पारी सोडा

माझ्या मते या पेयाचं सगळ्यात प्रामाणिक रूप हेच आहे, आणि म्हणूनच इथे घाई नको.

काम्पारीची बाटली आणि सोडा दोन्ही फ्रिजमध्ये आधी चांगले गार करा. ग्लासात बर्फ, त्यावर ३० मिली काम्पारी, त्यावर १२० मिली सोडा. सोडा उंचावरून ओतू नका, ग्लास तिरका धरून कडेने सोडा, म्हणजे बुडबुडे टिकतात. संत्र्याच्या सालीची जाडसर पट्टी ग्लासावर धरून मुरडा. तेलाचे बारीक थेंब पृष्ठभागावर उडतील. मग ती पट्टी आत टाका.

पहिल्यांदा एकास चार प्रमाण घ्या. जमू लागलं की एकास तीन, मग एकास दोन. कडूपणा अजून बोचत असेल तर चिमटीत मावेल त्याच्याही निम्मं मीठ घाला. मीठ कडू चव दाबतं. कारल्याच्या चकत्यांना मीठ लावून ठेवतो तेव्हा पाणी सुटतं ते दिसतं, पण उरलेलं मीठ जिभेवरही काम करत असतं. हा उपाय मी मिलानमध्ये शेजारच्या बारच्या म्हाताऱ्या मालकांना सांगितला, तेव्हा त्यांनी काही न बोलता हिरव्या ऑलिव्हची वाटी माझ्यापुढे सरकवली. खारट त्यांच्याकडे ताटलीत असतं, ग्लासात नाही.

सोडा नकोसा वाटला तर संत्र्याच्या ताज्या रसातही चालते. त्याला ‘गारिबाल्दी’ म्हणतात. लाल काम्पारी उत्तरेची, संत्री दक्षिणेतल्या सिसिलीची, आणि नाव इटली एक करणाऱ्या सेनापतीचं. रस मात्र त्याच मिनिटाला काढलेला हवा. नागपुरी संत्र्यांचा हंगाम असेल तर याहून चांगली संधी नाही.

७. तिसरी पायरी: आमेरिकानो

३० मिली काम्पारी, ३० मिली गोड व्हर्मुथ, बर्फ, वर थोडा सोडा. इतकंच. यातलं बिटर मिलानचं आणि व्हर्मुथ तोरिनोचं, म्हणून सोड्याशिवायच्या मूळ पेयाचं नाव ‘मिलानो-तोरिनो’. व्हर्मुथचा मनुकांसारखा, मसालेदार गोडवा काम्पारीच्या कडूपणाखाली गादीसारखा पसरतो.

सापळा व्हर्मुथमध्ये आहे. ती मुळात वाइन आहे. उघडल्यावर बाहेर ठेवली तर काही आठवड्यांत शिळी आणि आंबूस होते. फ्रिजमध्येच ठेवा आणि दीड-दोन महिन्यांत संपवा. आपल्याकडे कित्येक बारमध्ये तिची बाटली महिनोन् महिने उघड्या फळीवर उभी असते. तिथे नेग्रोनी मागवून ती आवडली नाही, म्हणून काम्पारीलाच नावं ठेवणारे मला बरेच भेटले.

८. चौथी पायरी: नेग्रोनी

१९१९ च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये काउंट कामिल्लो नेग्रोनी यांनी कॅफे कासोनीतल्या बारटेंडरला सांगितलं, की माझ्या आमेरिकानोत सोड्याऐवजी जिन घाल. गोष्ट अशी सांगितली जाते, आणि पेयाचं नाव तरी तेच आहे.

जिन, काम्पारी, गोड व्हर्मुथ प्रत्येकी ३० मिली. रुंद ग्लासात मोठे खडे, त्यावर तिन्ही. लांब चमच्याने वीस-पंचवीस सेकंद ढवळा, हलवू नका. बर्फातलं थोडं पाणी यात उतरायलाच हवं, ते या पेयाचा चौथा घटक आहे. वर संत्र्याची साल मुरडा.

इथे हिशेब नीट करा. ४२.८ टक्क्यांची जिन, २५ टक्क्यांची काम्पारी आणि १६ टक्क्यांच्या आसपासची व्हर्मुथ धरली, तर एका ग्लासात सुमारे २५ मिली शुद्ध मद्यार्क होतो, म्हणजे व्हिस्कीच्या दोन लहान पेगांइतका. थंड, गोडसर आणि सुंदर रंगाची असल्याने ती तेवढी वाटत नाही. एक पुरे. गाडी चालवायची असेल तर तीही नको.

हलकं हवं असेल तर जिनऐवजी फसफसती वाइन घाला. मिलानच्या बार बास्सोमध्ये मिर्को स्तोक्केत्तो यांच्या हातून जिनऐवजी चुकून ती ओतली गेली, आणि त्या चुकीतून ‘स्बाल्यातो’ जन्मली. नावाचा अर्थही ‘चुकलेली’ असाच. जिनऐवजी काजू फेणी घालून मी घरी पाहिली आहे. फेणीचा वास जोरकस, म्हणून ती ३० ऐवजी २० मिली घेते. तेवढ्यात ती काम्पारीसमोर नीट उभी राहते.

९. सोबत काय खायचं

खारट आणि चरबट. ऑलिव्ह, खारवलेले बदाम, पार्मेसान चीजचे तुकडे हे तिथलं. घरी मी खारे शेंगदाणे, भाजणीची चकली किंवा तळलेले पोह्याचे पापड ठेवते. गोड काही नको, तिखटजाळही नको. मिरची कडूला आणखी टोकदार करते, असा माझा तरी अनुभव आहे. आणि रिकाम्या पोटी कधीच नको.

१०. हमखास होणाऱ्या चुका

शॉटसारखी एका दमात पिणं. काम्पारीची अर्धी चव गिळल्यानंतर येते, तिला वेळ द्या.

टॉनिक वॉटरला सोडा समजणं. टॉनिकमध्ये क्विनाइनचा स्वतःचा कडूपणा असतो. ते मिश्रण छान लागतं, पण सवय झाल्यावर.

लिंबू पिळणं. आपला हात सवयीने लिंबाकडे जातो. लिंबाच्या आंबटपणापुढे संत्र्याची बाजू दबते आणि पेय नुसतं कडू-आंबट होतं.

बाटलीची उगीच काळजी करणं. व्हर्मुथसारखी काम्पारी नासत नाही. साखर आणि मद्यार्क दोन्ही भरपूर असल्याने घट्ट झाकण लावून, उन्हापासून दूर ठेवलीत तर कपाटात खूप महिने टिकते.

आणि कुणाला आग्रह करणं. चारही पायऱ्या करून ज्याला नाही आवडली, त्याला नाही आवडली. माझ्या बहिणीला आजही ती औषधच वाटते, तिच्यासाठी मी कोकमाचं आगळ सोड्यात घालते. रंग जवळजवळ तोच.

११. मिलानला गेलात तर

संध्याकाळी सहा ते आठ ही आपेरितिव्होची वेळ. कॅथेड्रलच्या चौकातून गॅलेरियात शिरायच्या कमानीशी डाव्या-उजव्या कोपऱ्यांवर नजर टाका, काम्पारिनोची पाटी दिसेल. बसायची घाई करू नका. इटलीत टेबलाशी बसलं की दर वाढतो, काउंटरशी उभं राहून प्यायलं की कमी. काउंटरवरच ‘उन काम्पारी सेल्त्स’ मागा. अतिशय थंड काम्पारीवर नळातून जोराने सोडा सोडतात, आणि वर फिकट गुलाबी फेस चढतो. तो फेस बसायच्या आत पहिला घोट घ्या.